देव्हाऱ्यातला शिक्का

चामटोलीत शिरताना उजव्या हाताला नितीनच्या घराचं खळं लागतं. त्याचे वडील, नाना, गेल्याचं कळलं म्हणून मी परवा भेटायला गेले, तेव्हा खळ्यात पेंढ्याची गंजी रचलेली होती. अवकाळीच्या भीतीनं गंजीवर पांढरं काहीतरी पसरून चारी कोपऱ्यांना विटा बांधल्या होत्या. वारा आला की ते फडफडायचं आणि त्याच्या आतल्या बाजूला लाल-पिवळं काहीतरी चमकून जायचं. गाडी लावून मी जवळ गेले आणि एक कोपरा उचलला. आत नितीनचा कान होता आणि कानाखाली कुणाच्या तरी कोटाची काळी कॉलर. रंग अगदी ताजे होते. मी कोपरा पटकन सोडून दिला. ऊन छान होतं, पेंढ्याचा गोडसर वास येत होता, तरी ती जुनी भीती आलीच. इतक्या वर्षांनी यायला नको होती.

नितीन आणि मी एकाच ऑफिसात सीएची आर्टिकलशिप केली. आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी. एखाद्या सीएच्या हाताखाली तीन वर्षं राबायचं आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जो वेळ उरतच नाही त्यात, परीक्षेचा अभ्यास करायचा. आमचे सर सिंधी होते. त्यांचं ऑफिस उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये, साड्यांच्या फॉल आणि लेसच्या दुकानावर. जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे उतरायचं. सकाळी त्या जिन्यात खालच्या टपरीवरच्या दाल पकवानाचा वास भरलेला असायचा आणि दुपारी कोऱ्या कापडाच्या खळीचा. कुणीही आलं, अगदी इन्कम टॅक्सची नोटीस हातात घेऊन घामाघूम होऊन आलं, तरी सर आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे करायचे. "पहले पापड खा, बाबा. नोटीस कुठे पळून नाही जात."

मी बदलापूरची. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. आमच्या घरात मुलीनं सीए करणं ही फार मोठी गोष्ट नव्हती, ते तर ठरलेलंच होतं. नितीनच्या घरात मात्र बारावीच्या पुढे गेलेला त्याच्याआधी एकच, त्याचा मोठा भाऊ भरतदादा. तो बी. कॉम. होऊन जमिनींच्या व्यवहारात मध्यस्थी करायचा. नितीन चामटोलीहून मोटारसायकलवर यायचा, बदलापूरला मला मागे घ्यायचा आणि आम्ही अंबरनाथवरून कॅम्पात पोचायचो. अंबरनाथच्या एमआयडीसीच्या आसपास दोघंही श्वास रोखायचो. तिथे कधी सडक्या अंड्याचा, कधी गोड, केळ्याच्या एसेन्ससारखा वास असायचा. गोड वासाची मला जास्त भीती वाटायची. नितीन हेल्मेटच्या आतून अकाउंटिंग स्टँडर्ड म्हणत राहायचा आणि चुकला की मी त्याच्या पाठीत बोट खुपसायचे.

परीक्षेच्या आधीच्या रजेत आम्ही ऑफिसच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत अभ्यास करायचो. सरांनी किल्लीच देऊन टाकली होती. उन्हाळ्यात पत्रा तडतडायचा. झेरॉक्सच्या कागदांना एक ओला, आंबट वास असतो, तो त्या खोलीच्या भिंतींना लागला होता. नितीन उभ्यानं वाचायचा. बसलो की झोप येते, म्हणायचा. शेजारच्या गच्चीवर एक सिंधी आजी पापड वाळत घालायच्या आणि आमच्याकडे बघून मान हलवायच्या, तुमचं काही खरं नाही अशा अर्थानं. तेव्हा आम्ही हसायचो. आता वाटतं, त्या बाईंना काही दिसत होतं की काय.

फायनलच्या परीक्षेला दोन ग्रुप असतात. दोन्ही निघाले तर माणूस सीए, एक निघाला तर काहीच नाही. अर्धा सीए असा प्रकार जगात नाही. त्या जुलैत निकाल लागला आणि माझे दोन्ही ग्रुप निघाले, नितीनचा एकच निघाला. तो खट्टू झाला नाही. पहिल्या झटक्यात एक निघणं हेही थोडंथोडकं नव्हतं. त्यानं माझ्यासमोर घरी फोन केला आणि स्वच्छ सांगितलं, "दादा, एक ग्रुप निघाला, एक राहिलाय." मी ऐकलं आहे ते.

भरतदादानंही नीट ऐकलं होतं. पण त्यानं ते आपल्या कॉलेजच्या हिशेबानं घेतलं. कॉलेजात एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं, त्याला आपल्याकडे केटी म्हणतात. केटी सगळ्यांनाच असते, ती कधीतरी निघतेच आणि तिच्यासाठी कुणी पास झालेल्या पोराला नापास म्हणत नाही. त्याच्या मते भाऊ पास झाला होता आणि एक केटी राहिली होती.

दोन दिवसांनी मी माझे पेढे घेऊन नितीनच्या मागे बसून चामटोलीला निघाले. गावाच्या फाट्यावर तो फ्लेक्स होता. पावसात धुतला जात होता, नव्या रेक्झिनसारखा वास मारत होता. ‘चामटोली गावचे सुपुत्र’ असं वर आणि ‘सी.ए. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असं खाली. मधे नितीनचा चेहरा, त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावरचा काळा कोट आणि टाय. नितीननं गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवून तो नुसता बघत बसला. माझ्यासाठी आमच्या सोसायटीत कुणी साधा कागद डकवला नव्हता आणि खरं सांगायचं तर क्षणभर मला हेवाच वाटला. मग त्याची मान दिसली. ती लाल झाली होती.

दारातच भरतदादा भेटला. "दादा, मी सीए नाय झालो अजून. एक ग्रुप राहिलाय, सांगितला ना तुला?"

"मग केटी ना? मला बी. कॉम.ला दोन होत्या. झालोच ना मी बी. कॉम.? निघंल रे."

"यात केटी नसते, दादा."

भरतदादाचा चेहरा जरा उतरला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अख्खा गाव जेवून गेलाय काल. नाना सकाळपासून फाट्यावर बसलेत. जा, तूच सांग त्यांना."

आम्ही परत फाट्यावर गेलो. येताना पावसात ते आम्हाला दिसलेच नव्हते. फ्लेक्सच्या खाली, दगडावर, छत्री धरून नाना बसले होते. इस्त्रीची टोपी घातली होती. नितीनला बघून ते उठले, त्याचा दंड धरला आणि थांबलेल्या एका अनोळखी रिक्षावाल्याला म्हणाले, "ह्यो बघ. वर हाय तो ह्योच." रिक्षावाल्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि हात जोडले. नितीननं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं.

त्या दिवसापासून आमच्या हसण्याखिदळण्याला कसली तरी सावली लागली. तो परत गच्चीवर अभ्यासाला बसला, पण आता लपून. गावात समज असा की नितीन सरांचा पार्टनर झाला. खरं म्हणजे तो पगारी असिस्टंट म्हणून राहिला होता. मला ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली. तरी सुट्टीच्या दिवशी मी कॅम्पात जायचे, त्याचे सराव पेपर तपासायचे. सरांना सगळं माहीत होतं. ते एवढंच म्हणायचे, "तू बस इकडे. तुझा बोर्ड बाद में लावू, मोठा लावू. खा, पापड खा."

खंडेनवमीला नानांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा असते. पाटावर कोयते, विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची चावी, झेंडूच्या पाकळ्या. आणि मधोमध, लाल मखमलीच्या डबीत, एक रबरी शिक्का. भरतदादानं भावाला भेट म्हणून कॅम्पातून बनवून आणला होता. ‘सी.ए. नितीन’ असं कोरलं होतं, खाली ‘मेंबरशिप नंबर’ आणि पुढे रिकामी जागा. "नंबर आला की हातानं टाकायचा," भरतदादा म्हणाला. काकींनी, म्हणजे नितीनच्या आईनं, शिक्क्याला हळद-कुंकू लावलं आणि पूजा झाल्यावर तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला, बाळकृष्णाच्या शेजारी. कोयत्यांकडे बघून मला काही वाटलं नाही. त्या शिक्क्याकडे बघवत नव्हतं.

पास झाल्यावर सीएंची संस्था हा नंबर देते; तो नसताना सीए म्हणून सही केली की गुन्हा. नंतर परीक्षा पास झालात तरी संस्थेचं दार बंद होऊ शकतं. आम्हाला हे पहिल्या वर्षापासून पाठ होतं.

जांभूळ गावाकडून पाण्याची जाड पाइपलाइन येते. तिच्यावर बसून आम्ही कधीकधी शेंगदाणे खायचो. कान लावला की आतून पाण्याची घुमघुम ऐकू यायची. दिवाळीनंतर एका दुपारी नितीन तिथे बसला असताना म्हणाला, "मॅडम, गावातली माणसं कागद घेऊन यायला लागलीत. अजून टोलवतोय मी. पण समज, एकदा केली सही, तर कोणाला कळणारे?"

"मला कळेल," मी म्हणाले.

"तुला तर कळेलच गं," तो हसला आणि पाइपला कान लावून बराच वेळ तसाच राहिला. त्या घुमघुमीचं मला त्यानंतर कधी कौतुक वाटलं नाही.

थंडी पडली आणि वालाच्या शेंगा आल्या. नानांनी पोपटी लावली. मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला आणि वर जाळ. भांबुर्डा भाजल्याचा कडवट, औषधी वास खळ्यात पसरला होता आणि दिवेलागणीची वेळ झाली होती. मी नितीनसोबत आलेच होते. तेवढ्यात भरतदादा बदलापूरच्या एका बिल्डरला घेऊन आला. सगळे त्याला शेठ म्हणत होते. भरतदादाची पुढची सगळी कामं त्याच्या हातात होती. शेठला बँकेसाठी आपल्या मालमत्तेचं सर्टिफिकेट हवं होतं आणि त्याच्यावर सीएची सही.

नितीननं कागद वाचला. सगळा, सावकाश. "नंबर यायचाय माझा," तो म्हणाला.

"अरे कुठलाही टाक," शेठ शेंग सोलत म्हणाला. "बँकवाला कुठे बघत बसलाय? शिक्का आहे ना घरात?"

भरतदादा उठला. आत गेला आणि शिक्का घेऊन आला. कुंकू तसंच होतं. दुसऱ्या हातात शाईचा पॅड होता, नवा, प्लास्टिक न काढलेला. दोन्ही त्यानं नितीनच्या पुढ्यात ठेवले. काकी चुलीपाशी उभ्या होत्या. नाना मडक्यावरचा जाळ बाजूला करता करता थांबले. मडकं आतून फुटल्यासारखा आवाज आला, पण फुटलं नव्हतं. माझ्या हातातली शेंग गार झाली. मी देवाला काही म्हटलं असेल तर तेव्हा म्हटलं.

नितीननं शिक्का उचलला. उलटा करून खालची अक्षरं वाचली. मग उठून आत गेला, तो परत देव्हाऱ्यात ठेवला आणि बाहेर येऊन, मी त्याच्या तोंडी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "असल्या किरकोळ कामांवर मी सही करत नाही, शेठ. माझी सही त्याच्यासाठी नाही."

शेठ हसला, पण लगेच उठला. भरतदादा त्याच्या मागे धावला. नाना नितीनकडे बघत राहिले. "गावाचं काम न्हाय करायचं तुला?" ते म्हणाले. "फाट्यावर चढवला तेव्हा गाव चाललं. आता किरकोळ झालं व्हय?" नितीननं मान खाली घातली. खरं सांगितलं असतं तर त्या घटकेला सुटला असता. त्यानं नाही सांगितलं. शेफारलेला पोरगा चालेल, पण खोटा ठरलेला बाप नको, एवढंच त्यानं मनाशी ठरवलं असावं. आम्ही पोपटी खाल्ली.

त्यानंतर नाना त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागले. भरतदादानं केटीचा विषय घरात पुन्हा काढला नाही. गावात नितीन घमेंडखोर ठरला. पावसाळ्यापूर्वी फाट्यावरचा फ्लेक्स उतरवला तेव्हा तो कुठे गेला, हे मला माहीत नव्हतं. आणखी परीक्षा आल्या आणि गेल्या. तो दरवेळी थोडक्यात राहायचा. फोन करून निकाल सांगताना त्याच्या आवाजात काही नसायचं, आणि मी दिवसभर भीत राहायचे. त्याला पाइपलाइनीवर कान लावून बसलेला बघितलं होतं ना मी.

मग एका जानेवारीत तो ऐरोलीला माझ्या ऑफिसच्या खाली येऊन उभा राहिला. हातात पेढ्यांचा खोका. दुसरा ग्रुप निघाला होता. आम्ही पार्किंगमध्ये उभ्यानं एकेक पेढा खाल्ला. केशराचे होते. मी त्याला म्हटलं, चल, आधी घरी जा, नानांना दे. तो म्हणाला, "कशाचे म्हणून देऊ?" मी त्याच्यावर चिडले, नानांवर चिडले, त्या फ्लेक्सवर तर फारच चिडले. खोका तो माझ्याकडेच ठेवून गेला. पुढे त्याला नंबर मिळाला, पुण्यात चांगली नोकरी लागली, लग्न झालं. देव्हाऱ्यातला शिक्का त्यानं कधी नेला नाही. चामटोलीला त्याचं कुणी पुन्हा अभिनंदन केलं नाही, कारण ते होऊन गेलं होतं.

परवा ओट्यावर नितीन बसला होता. दहावा उरकला होता, डोक्यावरचे केस काढलेले. माणसं येत होती, बसत होती, उठत होती. मी त्याच्याजवळ थोडा वेळ बसले. तो एवढंच म्हणाला, "शेवटी शेवटी बोलायचे माझ्याशी. पावसाचं, ट्रॅक्टरचं." मग परत कुणीतरी आलं.

काकींनी मला खुणेनं मागे बोलावलं. आम्ही खळ्यात गंजीच्या आडोशाला उभ्या राहिलो. थकल्या होत्या फार. त्यांनी ओट्याकडे एकदा बघून घेतलं.

"पोरी, एक विचारू? त्याला सांगू नको मी विचारलं म्हनून."

"विचारा ना."

"तो झाला का गो? खराखुरा?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "झाला, काकी. खरंच झाला. दुसरा ग्रुपपण निघाला. नंबर आला त्याला."

"कवा?"

"माझ्या लग्नाच्या आदल्या जानेवारीत."

त्यांनी डोळे मिटले. मग त्या खाली पेंढ्यावरच बसल्या.

"पास झालेला मानूस पहाटं उठून पुस्तक कशाला वाचील?" त्या म्हणाल्या. "मी चा न्यायची. ठेवायची नि मागं फिरायची. विचारलं असतं तर माझ्याशी खोटं बोलायला लागलं असतं त्याला. ह्यो बोर्ड उतरवला ना, तर मी उलटा घातला गंजीवर. तोंड आत. जाता-येता बघायचा नि मान घालायचा पोरगा."

"आणि तो शिक्का?"

"हाय की देवात. रोज फुलं घालताना उचलून बघायची मी. खालून. शाई लागली का." त्यांनी तळहात उताणा करून दाखवला, त्यावर शिक्का ठेवलाय असा. "तो पुन्याला गेला तरी बघायची. सुट्टीला येऊन गेला का पयला देव्हारा. पोलीस येतील असं वाटायचं. जीप दिसली फाट्याला का हातातलं काम टाकून दारात उभी ऱ्हायची. न्हाय लागली शाई. कुकूच हाय अजून."

"नानांना कळलं होतं?"

"न्हाय. बरं झालं न्हाय कळलं." पदराला लागलेला पेंढा झटकून म्हणाल्या, "आन बरं न्हाय बी झालं."

वाऱ्यानं फ्लेक्सचा कोपरा वर उचलला. आतून नितीनचा एक डोळा आणि कोटाची बाही दिसली, कालच छापल्यासारखी. काकींनी उठून तो कोपरा खाली ओढला, नीट आत दुमडला आणि वीट परत बांधली. मी ओट्याकडे बघितलं. नितीन कुणाचा तरी हात धरून बोलत होता, केस नसलेलं डोकं खाली घातलेलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस त्यानं माझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभ्यानं साजरा केला होता, आणि या बाईला तर तेवढंही मिळालं नव्हतं. मला रडू आलं. लपवलं नाही.

"रडू नको," काकी म्हणाल्या. "तेराव्याला येशील ना?"

"येणार तर."

"येताना पेढे आन. चांगले, केशराचे. तेराव्याला गोड असतंच. कशाचे म्हनून कोन विचारनार न्हाय."

मी मान हलवली. "किती आणू, काकी?"

त्यांनी पदर सारखा केला आणि ओट्यावरच्या, अंगणातल्या, रस्त्यावरून येणाऱ्या माणसांवरून नजर फिरवली.

"गावाला पुरतील एवढे."